बोटीच्या टोकाचा माणूस

या, असे पुढे सरकून बसा. गुडघ्याला गुडघा लागला तरी चालेल, ऐकायला बसलेल्यांत परके कोणी नसते. आज राजाची नाही, साधूची नाही, एका छापणाऱ्याची कथा सांगतो. मोठे काही घडत नाही तिच्यात. एका माणसाला दुपारी चारच्या आत घरी एक गोष्ट सांगायची होती आणि ती त्याला सांगता येत नव्हती, एवढेच. पण देव माणसाला अडकवतो तो अशाच लहान जागी. म्हणून जरा लक्ष द्या.

तर सकाळचे दहा वाजलेले, आणि छापखान्यात मिस्त्रीने दुसऱ्यांदा चुकीचा कागद भिजत घातलेला.

"मिस्त्री, हा पातळ कागद," कागदताई म्हणाली. "तुम्हाला जाड हवाय. डोळे घरी ठेवून आलात की काय?"

"राहू दे. वाळेल तो."

"वाळेल, आणि पापडासारखा होईल. मग मालकांना तुम्ही वाढा तो."

मिस्त्री दारापर्यंत गेला, बाहेर बघितले, परत आला. पुन्हा गेला. मिस्त्री यंत्रावर असला की त्याचे हात कोपरापर्यंत काळे, म्हणून एरवी कागदाला हात लावायचा तो फक्त ताईने. त्यावरून तिचे नाव पडले कागदताई. तिचे हात दिवसभर स्वच्छ असत. जिभेबद्दल तशी हमी कोणी देत नसे.

"कुणी यायचंय का?" तिने विचारले.

"चारला. चित्रकाराची मुलगी."

"चारला ना? आत्ता दहा वाजलेत. इतक्या येरझारा घालाल तर फरशीला वाट पडेल."

हा छापखाना वर्तमानपत्राचा किंवा पत्रिकांचा नव्हता. इथे तांब्याच्या पत्र्यावरून चित्रे छापत. पत्र्याला मेणाचा लेप द्यायचा, त्यावर सुईने चित्र काढायचे, मग पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. सुई जिथे फिरली तिथे ॲसिड तांबे खाते आणि बारीक चर पडतात. त्या चरांत शाई भरायची, वरची शाई कापडाने आणि शेवटी उघड्या तळहाताने पुसून काढायची, वर भिजवलेला कागद ठेवायचा आणि लोकरीच्या घोंगडीखाली घालून यंत्राच्या रुळातून दाबून काढायचा. चरांतली शाई कागद ओढून घेतो. याला म्हणतात एचिंग. मिस्त्रीचा उजवा तळहात बावीस वर्षे पत्रे पुसून इतका गुळगुळीत झाला होता की त्याच्यावर रेषा शोधाव्या लागत.

आज यंत्रावर जो पत्रा होता, त्यावर समुद्रात एक बोट होती. बोटीत पाच माणसे रांगेने उभी राहून जाळे ओढत होती. पाणी चित्रकाराने जवळजवळ काढलेच नव्हते. चार-दोन रेघा, बाकी कोरे. पण माणसांच्या पाठी अशा काही वाकवल्या होत्या की खाली पाणी आहे आणि जाळ्यात भार आहे, हे सांगायला लागत नव्हते. रांगेच्या टोकाला, डोक्याला फडके बांधून, कमरेतून वाकलेला एक जण उभा होता.

तो मिस्त्रीचा थोरला भाऊ. त्याचा दादा.

मिस्त्री तरुणपणी बोटीवर जायचा तेव्हा किनारा दिसेनासा झाला की त्याच्या पोटात ढवळायला लागे. बोटीवरचे हसत. दादा हसत नसे. एक चित्रकार त्या दिवसांत बोटीवर येऊन बसायचा, मांडीवर तांब्याचा पत्रा आणि हातात सुई घेऊन. दादाने एक दिवस त्यालाच गाठले. "साहेब, ह्याचं पोट समुद्रावर टिकत नाही, पण हात हलका आहे ह्याचा. जमिनीवरचं काही काम असलं तर बघा." चित्रकाराने बघितले. धाकटा छापखान्यात लागला. आणि चित्र पुरे झाल्यावर चार महिन्यांनी एकदा ती बोट परत आली, ती चौघांनाच घेऊन.

घरात दादाचा एकही फोटो नव्हता. लग्नातला एक होता, तो ओलीने गेला. राहिला हा पत्रा.

चित्रकाराचा नेम होता की या पत्र्याचे पन्नासच छाप काढायचे. प्रत्येकावर खाली पेन्सिलीने आकडा. कुणी चित्र मागितले की एखादा काढायचा; एखाद्या वर्षी पाच निघत, एखाद्या वर्षी एकही नाही. पन्नास भरले की पत्र्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन आडव्यातिडव्या रेघा खोल ओरखडायच्या, म्हणजे पुढे कुणी चोरून छापू नये. ही या धंद्याची रीतच आहे. चित्र घेणाऱ्याला दिलेला शब्द असतो तो.

यंत्राखालून पत्रा बाहेर यायचा, मिस्त्री घोंगडी उचलायचा, कागदाचे टोक चिमट्याने धरून हळूहळू सोलायचा आणि ओल्या कागदावर दादा वर यायचा. एकोणपन्नास वेळा त्याने दादाला असे वर काढले होते.

आज पन्नासावी वेळ होती. चित्रकार गेल्या वर्षी गेला. आता त्याची मुलगी चार वाजता येणार, छाप नेणार आणि तिच्यासमोर पत्र्यावर रेघा मारायच्या.

आता तुम्ही विचाराल, मग त्यात घरी काय सांगायचे होते? तेच तर. मिस्त्रीच्या घरी त्याची वहिनी होती, दादाची बायको. त्याने लग्न केले नाही, तिने दुसरे केले नाही. तो कमावून आणी, ती जाळी विणून चार पैसे जोडी, आणि दोघांचे चालले होते. आणि या वहिनीला त्याने दादा पत्र्यावर आहे हे बावीस वर्षांत सांगितले नव्हते.

पहिल्या वर्षी ती दारात बसून असायची, तेव्हा सांगवले नाही. मग वाटले, दाखवायचा आणि द्यायचा नाही, हे कसले दाखवणे? छाप चित्रकाराचे, त्याच्या हातात एकही नाही. मग उद्या सांगू, परवा सांगू, असे करता करता सांगण्याची वेळ निघून गेली. पण खरे कारण याहून लहान होते. घरात दादा वहिनीचा होता. तिने त्याचे नाव काढले की मिस्त्रीने मान हलवायची, एवढाच त्याचा वाटा. इथे छापखान्यात मात्र दादा एकट्या त्याचा होता. वाटून घ्यायला त्याचे मन धजले नाही. माणूस वाईट नव्हता हो. पण चांगल्या माणसाच्याही मुठीत एखादी गोष्ट अशी असते, की मूठ उघडत नाही.

त्याने पन्नासावा छाप काढला. ताईने कागद दोन बोटांच्या चिमटीत धरून वाळत ठेवला.

"छान आलाय," ती म्हणाली. मग मिस्त्रीकडे बघून म्हणाली, "जा, घरी जेवून या. माझ्यापुढे असं फिरत राहिलात तर मलाच घेरी येईल."

* * *

घरी वहिनी ओसरीवर जाळे पसरून बसली होती. फाटलेल्या जागी नवी गाठ, त्यावर पुढची गाठ. हात चालू, नजर दाराकडे.

"आज लवकर?"

"असंच."

तिने ताट वाढले. तो जेवला, म्हणजे ताटातले इकडचे तिकडे केले.

"मीठ कमी झालंय का?"

"नाही, ठीक आहे."

"मग भाऊजी, हे असं मांजरासारखं काय चाललंय ताटात?"

"वहिनी, ते…" तो म्हणाला. "पंप दुरुस्त करायला हवाय मागचा."

"तो तुम्हीच मागच्या महिन्यात केलात."

"हां. केला."

त्याने हात धुतले, चपला घातल्या, निघाला. कोपऱ्यापर्यंत गेला. घड्याळाच्या दुकानात एकाच वेळी वीस घड्याळे होती आणि प्रत्येकात वेगळी वेळ, पण तीन वाजून गेले नाहीत याबद्दल त्यांचे एकमत होते. तो वळला. पुन्हा छापखान्याकडे फिरला. परत वळला. दुकानदाराने मान बाहेर काढून विचारले, "काही हरवलंय का?"

"नाही," मिस्त्री म्हणाला, आणि जवळजवळ पळतच घरी आला. ओसरीच्या पायरीवर उभा राहून, चपला न काढता, एका दमात बोलून टाकले. पत्रा, बोट, चित्रकार, दादा, पन्नास छाप, आज रेघा मारणार, चार वाजता.

वहिनीच्या हातातली गाठ अर्धी होती. तिने ती पुरी केली. दात लावून दोरा तोडला.

"किती वर्षं?"

"बावीस."

"बावीस वर्षं दोन वेळा माझ्यासमोर बसून जेवलात."

तो पायरीकडे बघत राहिला. ती उठली, पदर झटकला, जाळ्याचे धागे झाडले.

"चला," ती म्हणाली. "आणि पुढे चालू नका भराभर. माझे गुडघे काही तुमच्या यंत्रातून निघालेले नाहीत."

रस्ताभर दोघांत एवढेच बोलणे झाले.

* * *

छापखान्यात पन्नासावा छाप फळीवर होता, अजून ओलसर. कागदताईने स्टूल पुढे केले. वहिनी बसली नाही. पदराला हात पुसून वाकली.

"कुठं आहेत?"

"हा. टोकाचा."

तिने बघितले. किती वेळ बघितले कोण जाणे. मिस्त्री तिच्या चेहऱ्याकडे बघत होता; ती रडेल, नाहीतर त्याला दोन शब्द सुनावेल, दोन्हीला तो तयार होता.

"हे ते नव्हेत," वहिनी म्हणाली.

"वहिनी, दादाच आहे. मी होतो ना त्या दिवसांत."

"फडकं त्यांचं आहे. पाठही त्यांच्यासारखी आहे. पण हे ते नव्हेत. हा माणूस उजव्या हातानं ओढतोय."

मिस्त्री छापावर वाकला.

"अहो, तुमचे दादा डावरे ना? सगळे उजवा हात पुढे टाकायचे आणि हे डावा. शेजाऱ्याच्या कोपरावर कोपर आपटायचं, म्हणून तर ह्यांना कायम टोकाला उभं करायचे. आणि हे बाकीचे बघा. चौघंही डावरे." तिने ताईकडे बघितले. "एका बोटीत चार डावरे, आणि एक उजवा तो टोकाला. अशी बोट बघून मासेच हसले असते, बाई."

कागदताई हसू लागली, आणि मिस्त्रीचा चेहरा बघून थांबली.

पत्र्यावरचे चित्र कागदावर उलटे उमटते. डावे ते उजवे होते, उजवे ते डावे. हे मिस्त्रीला ठाऊक नव्हते असे कसे म्हणू? छापखान्यात झाडू मारणारीलाही ते ठाऊक होते. म्हणून चित्रकार पत्र्यावर मुद्दाम उलटे काढतात, म्हणजे कागदावर सुलटे येते. पण हा चित्रकार बोटीवर बसून समोर दिसेल तसेच काढत गेला. समुद्राला कसलं आलंय डावं-उजवं, असे म्हणायचा. पहिला छाप निघाला तेव्हा मिस्त्री हसलाही होता, दादाला चांगला उजव्या हातावर आणला म्हणून. मग दुसरा निघाला, दहावा निघाला, तिसावा निघाला. चित्रे गावोगावच्या दिवाणखान्यांत गेली. तिथे जाळे कोण ओढतो? कोणी बोलले नाही. पत्र्यावर मिस्त्री बघायचा ती शाई. माणसे बघायचा ती कागदावर. आणि कागदावरचा दादा बघता बघता बोटीवरचा दादा कधी पुसला गेला, हे पुसणाऱ्यालाच कळले नाही.

त्याने डोळे मिटले. बोटीवर तो कठड्यावरून ओकत असताना दादाने मागून येऊन त्याचे कपाळ धरले होते. थंड, खारट हात. कोणता हात? त्याने पुन्हा पुन्हा बघितले. दर वेळी उजवाच पुढे आला.

"वहिनी," तो म्हणाला, "मी विसरलो की हो."

दोघेही तसेच उभे राहिले, आणि भिंतीवर साडेतीन वाजले.

मग मिस्त्री एकदम हलला. पत्रा त्याने गरम तव्यावर ठेवला, शाई घेतली, चरांत भरली. जाळीच्या कापडाने पुसले. मग तळहाताने, अगदी हलक्या, एकाच दिशेने. तांबे उजळत गेले आणि काळ्या रेघा मागे राहिल्या. त्याने पत्रा उचलून वहिनीसमोर धरला.

"आता बघा."

टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाला गेला होता. डावा हात पुढे, कोपर बाहेर, इतरांपासून एक वीत अंतर सोडून.

वहिनीने बोट पुढे केले, लावले नाही.

"हं," ती म्हणाली. "हे बघा, कसे उभे आहेत. सदऱ्याचं वरचं बटण उघडंच. किती वेळा सांगितलं."

कागदताईने हळूच एक जाड कागद पाण्यातून काढून टिपला आणि यंत्राजवळ ठेवला. "मी जरा पाणी पिऊन येते," ती म्हणाली. "लांबच्या नळावर जाते. तिथलं गार असतं."

ती गेली. पत्र्याला शाई लागलेली, कागद ओला, यंत्र तयार. दोन मिनिटांचे काम. मिस्त्रीने आयुष्यात एकही छाप चोरला नव्हता. त्याने कागदाकडे बघितले, आपल्या काळ्या हातांकडे बघितले.

"वहिनी, एक काढतो. तुमच्यासाठी. देव मला काय करायचं ते करील."

"कशाला? कागदावर परत उलटेच होतील ना?"

तो थांबला.

"मला तो परका माणूस घरात नको, भाऊजी," ती म्हणाली. "असू दे. धरा नीट तो पत्रा. मला बघू दे."

त्याने दोन्ही हातांनी धरला. ती बघत राहिली, चित्रकाराची मुलगी येईपर्यंत.

* * *

मुलगी तिशी ओलांडलेली, वडिलांसारखीच उंच. "काका, उशीर झाला मला," म्हणत आली आणि वहिनीला बघून थांबली. मिस्त्रीने सांगितले. या वेळी त्याला सांगायला फार शब्द लागले नाहीत.

ती बराच वेळ छत्रीची मूठ फिरवत राहिली. "मावशी, मला माहीत असतं तर… पण बाबांनी सगळ्यांना लिहून दिलंय. पन्नासच म्हणून."

"मग मोडू नकोस," वहिनी म्हणाली.

"काका रेघ थोडी वळवून घेतील. टोकाच्या माणसाला सोडून. चालेल मला."

वहिनीने मान हलवली. "बाकीच्या चौघांनी काय केलंय मग? त्यांच्याही घरी माणसं आहेत. सरळ मारा."

पत्रा टेबलावर ठेवला. ओरखडायचे हत्यार मिस्त्रीच्या हातात होते, पण पत्रा सरकत होता. वहिनी पुढे झाली आणि तिने दोन्ही तळवे पत्र्याच्या कडांवर दाबून धरले. जाळे पायाने दाबून धरतात तसे, सगळा भार देऊन. त्याने रेघ ओढली. तांबे किरकिरले. दुसरी रेघ ओढली. ती दादाच्या खांद्यावरून आणि पुढच्या हातावरून पार कोपऱ्यापर्यंत गेली.

मुलीने पत्रा उचलला. "मावशी, हा तुम्हीच ठेवा."

"तुझ्या वडिलांनी काढलाय, तुझ्याकडेच असू दे. मी येईन बघायला. चहा टाकशील ना?"

"टाकीन की."

वहिनी शाई लागलेले तळवे बघत होती. कागदताईने तिला बादलीतले पाणी दिले, साबण दिला. "तीनदा धुवा," ती म्हणाली. "तरी नखांत राहील. आमच्या मिस्त्रींना विचारा."

घरी आल्यावर अजून उजेड होता. मिस्त्री परसात गेला, आत आला, पुन्हा परसात गेला. कपडे वाळत घालायची दोरी एका टोकाला सुटून लोंबत होती. ती हातात घेऊन तो उभा राहिला.

"वहिनी," त्याने हाक मारली. "कसा ओढायचा दादा?"

ती दारात आली. डोळ्यांवर हात धरून बघितले.

"असं नाही. तो कागदावरचा झाला. डावा पुढे."

त्याने डावा पुढे टाकला.

"पाय उलटा पडला. उजवा मागे, अन् गुडघ्यात वाका. हं. आता कोपर बाहेर काढा. आणखी बाहेर. शेजाऱ्याला लागलं तर लागू दे."

पन्नाशीतला माणूस, परसात दोरी ओढत. हात अवघडत होता, दोरी घसरत होती. शेजारची बाई कुंपणावरून बघून आत गेली. वहिनी पायरी उतरून जवळ आली, तिने त्याचे कोपर धरून दोन बोटे वर उचलले, मागे सरकून पाहिले.

"आलं," ती म्हणाली. "पुन्हा एकदा करा."

आता उठण्याआधी तुमच्याकडे एक मागणे आहे. ते पन्नास कागद कुणाकुणाच्या भिंतींवर गेले असतील, देव जाणे. कधी कुणाच्या घरी बसला असाल आणि समोर असे चित्र दिसले, पाच माणसे, एक जाळे आणि पाण्याच्या जागी कोरा कागद, तर टोकाच्या माणसापाशी क्षणभर थांबा. यजमान चित्राबद्दल जे सांगतील ते ऐकून घ्या, त्यांना काही बोलू नका. मनात तेवढे असू द्या, की तो डावरा होता.